दक्षिणा, ग्रँट आणि अनुदान : सार्वजनिक द्रव्य व लोकसंस्था ह्यांच्या संबंधाचा एक शब्दाश्रयी इतिहास

१

महाराष्ट्रातील सार्वजनिक संस्थांचे इतिहास लिहिताना संस्थापकांचा त्याग, स्थापनेची तिथी, इमारतीची कोनशिला आणि उत्तरोत्तर वाढत गेलेली विद्यार्थ्यांची वा सभासदांची संख्या ह्या गोष्टींची नोंद आवर्जून केली जाते. ज्या द्रव्यावर ह्या संस्था चालल्या त्या द्रव्याच्या स्वरूपाची चिकित्सा मात्र क्वचितच आढळते. जमाखर्चाचे आकडे परिशिष्टात जातात आणि तेथेच राहतात. वास्तविक शाळा, ग्रंथालय, वसतिगृह अथवा संशोधनमंडळ ह्यांचे अंतरंग समजून घ्यावयाचे असेल तर त्यांना पैसा कोणी दिला, कोणत्या अटीवर दिला आणि घेणाऱ्याने तो काय समजून घेतला, हे प्रश्न प्रथम विचारावयास हवेत.

ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास भाषेचा पुरावा विशेष उपयोगी पडतो. राज्यसत्तेकडून लोकांच्या विद्याविषयक कार्यास मिळणाऱ्या पैशाला मराठीत गेल्या तीनशे वर्षांत मुख्यतः तीन नावे मिळाली : दक्षिणा, ग्रँट आणि अनुदान. पहिला शब्द धर्मविधीतून आला, दुसरा इंग्रजी राज्यकारभारातून आणि तिसरा स्वराज्यातील परिभाषेतून. तिन्ही शब्दांचा व्यावहारिक अर्थ ‘सरकारातून मिळणारी रक्कम’ असा एकच सांगता येईल. परंतु देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाते प्रत्येक शब्दात निराळे आहे. ह्या तिहींच्या जोडीने वर्गणी, मुष्टिफंड, पैसाफंड असा एक लौकिक शब्दसमूहही वाढत गेला. त्याचा संबंध राज्याच्या तिजोरीशी नसून लोकांच्या घराशी आहे. ह्या शब्दांच्या आधारे महाराष्ट्रातील लोकसंस्था व सार्वजनिक द्रव्य ह्यांच्या संबंधाची स्थित्यंतरे रेखाटावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शब्द बदलला म्हणजे संबंध आपोआप बदलतो असे येथे गृहीत धरलेले नाही. किंबहुना नवा शब्द आल्यावरही जुना संबंध कसा टिकून राहतो, हेच पुढील विवेचनात अनेक ठिकाणी दिसून येईल.

२

‘दक्षिणा’ हा शब्द वेदकालाइतका जुना आहे. यज्ञकर्म पार पाडणाऱ्या ऋत्विजास द्यावयाचा भाग, विशेषतः गाय, असा त्याचा मूळचा अर्थ. दक्षिणेवाचून यज्ञ पुरा होत नाही ही कल्पना त्यामागे आहे. म्हणजे दक्षिणा ही देणाऱ्याच्या पुण्याची पूर्तता करणारी वस्तू होय; घेणाऱ्याने तिचा विनियोग पुढे कसा केला हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. दक्षिणेचा हिशेब कोणी मागत नाही. हिशेब नसणे हे दानाच्या शुद्धतेचे एक लक्षणच मानले गेले आहे.

मराठी राज्यात ह्या धर्मविधीस राजकीय संस्थेचे रूप आले. तळेगावच्या दाभाड्यांच्या घराण्यात सेनापती खंडेराव दाभाडे ह्यांनी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा सुरू केली आणि पुढे दाभाड्यांचे वैभव ओसरल्यावर ती पेशव्यांनी पुण्यास चालविली. देशोदेशीचे ब्राह्मण त्यासाठी पुण्यास जमत. विद्वानांची परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणे त्यांना रकमा मिळत. सामान्य भिक्षुकांना पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात वाटप होई. ह्या प्रथेत परस्परांहून भिन्न असे दोन हेतू एकत्र नांदत होते. एक विद्येला उत्तेजन देण्याचा आणि दुसरा राज्यकर्त्याने पुण्य व कीर्ती जोडण्याचा. पहिल्या हेतूने परीक्षा आली, दुसऱ्याने रमणा आला. उत्तर पेशवाईत रमण्याचे पारडे जड होत गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वाटला जाणारा पैसा राज्याच्या उत्पन्नातला, म्हणजे मुख्यतः जमिनीच्या साऱ्यातला होता; तो मिळण्याचा अधिकार मात्र एका वर्णापुरता मर्यादित होता. ज्याच्या श्रमातून पैसा आला तो घेणाऱ्यांच्या पंक्तीत नव्हता. ह्या विसंगतीची जाणीव त्या काळी कोणी बोलून दाखविल्याचे दिसत नाही, कारण ‘दक्षिणा’ ह्या शब्दाच्या कक्षेत तो प्रश्नच बसत नव्हता. पात्रता वर्णाने आधीच ठरलेली होती. परीक्षा होई ती त्या पात्रतेच्या आतली तरतमता ठरविण्यासाठी.

३

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा ह्या दक्षिणेचे काय करावयाचे, हा प्रश्न माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांच्यापुढे उभा राहिला. ती एकाएकी बंद केल्यास पुण्यातील वजनदार वर्ग दुखावेल हे त्यांनी ओळखले होते. म्हणून तिची रक्कम वार्षिक ५०,००० रुपयांवर आणून ठेवण्यात आली आणि तिचा काही भाग विद्यादानाकडे वळविण्याची योजना झाली. त्या योजनेप्रमाणे ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दख्खनचे कमिशनर चॅप्लिन ह्यांच्या कारकिर्दीत विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. व्यक्तीस मिळणारी दक्षिणा संस्थेस मिळू लागली, हा पहिला बदल. परंतु संस्थेचे दार तूर्त त्याच वर्णापुरते उघडे होते. १८३० नंतरच्या दशकात नव्या व्यक्तींची नावे दक्षिणेच्या यादीत घालणे बंद झाले. जे घेत होते त्यांना हयातीपर्यंत रक्कम मिळावी आणि त्यांच्या मागे ती सरकारजमा व्हावी असे ठरले. त्यामुळे दरसाल काही पैसा शिल्लक पडू लागला. ह्या शिलकेवर कोणाचा हक्क, हाच १८४९ च्या वादाचा विषय.

त्या वर्षी गोपाळ हरि देशमुख व त्यांच्या विचाराच्या तरुण मंडळींनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेचा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ तयार करणाऱ्यांना उत्तेजन म्हणून द्यावा, ही त्या अर्जाची मागणी होती. ह्याच सुमारास, १८४८ ते १८५० ह्या काळात, ‘लोकहितवादी’ ह्या नावाने देशमुखांची शतपत्रे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात प्रसिद्ध होत होती. पुण्यातील सनातनी मंडळींत अर्जाविरुद्ध मोठा क्षोभ उसळला. अर्जदारांवर बहिष्काराचे संकट आले, आणि जोतीराव फुले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या प्रसंगी सुधारकांची पाठराखण केली. वरवर पाहता हा ब्राह्मणांतील जुन्या व नव्या मतांचा कलह दिसतो. परंतु त्याचा गाभा भाषाविषयक आहे. संस्कृत पठणास मिळणारे द्रव्य मराठी रचनेस मिळावे, हे म्हणणे म्हणजे राज्याच्या तिजोरीवर प्रथमच लोकभाषेने सांगितलेला हक्क होय. एकदा भाषा हा निकष मान्य झाला की ती भाषा बोलणारा प्रत्येक मनुष्य तत्त्वतः त्या पैशाचा अधिकारी ठरतो. अर्जदारांच्या मनात इतका दूरचा विचार होता की नाही हा प्रश्न वेगळा. त्यांच्या तर्कात तो निश्चित होता.

१८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. मराठी ग्रंथांना व भाषांतरांना पारितोषिके देणे हे तिचे काम. पुढे कॉलेजांतील हुशार पदवीधरांना व विद्यार्थ्यांना दक्षिणा फेलोशिप मिळू लागल्या. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे ह्या फेलोशिपचे मानकरी होत. ‘दक्षिणा प्राइझ’, ‘दक्षिणा फेलो’ हे समास भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोठे उद्बोधक आहेत. पूर्वपद यज्ञमंडपातले, उत्तरपद युरोपीय विद्यापीठातले. असा संकर भाषेत होतो तेव्हा व्यवहारातही दोन व्यवस्थांची सांधेजोड चाललेली असते.

ही सांधेजोड किती अपुरी होती ते फुल्यांच्या चरित्रातील दोन घटनांवरून कळते. १८४८ मध्ये फुल्यांनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि १८५१ पासून ह्या कार्याचा विस्तार केला. ह्या मुलींच्या शाळांना दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपयांची मदत मिळू लागली. श्रावणात ब्राह्मणांना वाटण्यासाठी निघालेला पैसा शूद्रादिकांच्या व मुलींच्या शिक्षणाला लागावा, ही घटना क्रांतिकारकच म्हटली पाहिजे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी ह्यांच्या हस्ते सरकारतर्फे फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार झाला तोही विश्रामबागवाड्यात, म्हणजे संस्कृत पाठशाळा ज्या वाड्यात उघडली होती त्याच वाड्यात.

दुसरी घटना ह्याच्या उलट आहे. १८५५ मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. अशिक्षित शेतकरी जोडप्याला भटजोशी कसा नागवितो हा त्याचा विषय, आणि शिक्षण हाच त्यावरील उपाय हे त्याचे तात्पर्य. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) नमूद केले आहे. ते नाटक सव्वाशे वर्षांच्या सुमारास अप्रकाशित राहून १९७९ मध्ये छापले गेले.

ह्या दोन घटना एकत्र ठेवल्या म्हणजे सार्वजनिक मदतीच्या इतिहासातील एक कायमचा पेच स्पष्ट होतो. एकाच निधीने फुल्यांच्या शाळेस हात दिला आणि त्यांच्या लेखणीस नाकारले. शाळा चालविणे हे राज्यकर्त्यांच्या दृष्टीने उपयुक्त व निरुपद्रवी होते. समाजरचनेची चिकित्सा करणारे नाटक तसे नव्हते. सेवा करणाऱ्या संस्थेला मदत सहज मिळते. परंतु तीच संस्था बोलू लागली की निवाडा करणाऱ्यांच्या हितसंबंधांना धक्का बसतो. मदतीचा निर्णय घेणाऱ्या समितीवर कोण बसतो, हा प्रश्न म्हणूनच रकमेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

४

‘ग्रँट’ हा शब्द मराठीत रुळला तो १८५४ च्या वुड ह्यांच्या शैक्षणिक खलित्यानंतर. खासगी शाळांना सरकारने साहाय्य द्यावे हे तत्त्व त्या खलित्याने सांगितले आणि अटीही घातल्या. शाळेत चांगले ऐहिक शिक्षण मिळाले पाहिजे; तिच्या व्यवस्थेची जबाबदारी स्थानिक मंडळींनी घेतली पाहिजे; सरकारी तपासणी तिने मान्य केली पाहिजे; आणि विद्यार्थ्यांकडून, थोडी का होईना, फी घेतली पाहिजे. धर्मशिक्षणाविषयी सरकार तटस्थ राहील, असे आश्वासन त्यासोबत होते.

दक्षिणेच्या तुलनेने ही कल्पना मुळातच निराळी आहे. येथे मदत व्यक्तीस नसून संस्थेस आहे. पात्रता जन्माने नसून अटींच्या पूर्ततेने ठरते. आणि हिशेब व तपासणी ह्या गोष्टी मदतीच्या अंगभूत आहेत. ‘स्थानिक व्यवस्था’ ह्या अटीचा परिणाम विशेष दूरगामी झाला. ग्रँट मिळण्यासाठी गावात पाचदहा जबाबदार माणसांचे मंडळ असावे लागे, त्याच्या सभा व्हाव्या लागत, सभेची टिपणे ठेवावी लागत. १८६० मध्ये संस्थांच्या नोंदणीचा कायदा आल्यावर अशा मंडळांना कायदेशीर अस्तित्वही मिळू लागले. चिटणीस, कार्यकारी मंडळ, वार्षिक सभा, अहवाल, ताळेबंद ही आपल्या सार्वजनिक जीवनाची सर्वपरिचित शब्दसंपत्ती ह्याच काळात दृढ झाली. तिच्यातील चिटणीस हा शब्द मराठी दरबारातला, मंडळ संस्कृतातले, अहवाल अरबीतून आलेला. परंतु ज्या व्यवस्थेसाठी हे शब्द एकत्र आले ती व्यवस्था बरीचशी ग्रँटच्या नियमांनी घडविली.

ह्या पद्धतीचा दुसरा परिणाम तितका इष्ट नव्हता. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात परीक्षेच्या निकालावर ग्रँट ठरविण्याची पद्धत आली. इन्स्पेक्टर येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर रक्कम ठरणार. त्यामुळे शिक्षकाची नजर मुलाच्या आकलनावरून इन्स्पेक्टरच्या वहीकडे वळली. निकालावर पैसा ही कल्पना हिशेबाच्या दृष्टीने निर्दोष असली तरी जेथे मुले गरीब, हजेरी अनियमित आणि घरी अक्षरओळख नाही तेथे ती मुळावरच येते. कारण ज्या शाळेला मदतीची गरज सर्वांत अधिक, तिचाच निकाल सर्वांत कमी लागतो.

१८८२ मध्ये हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे फुल्यांनी सादर केलेले निवेदन ह्या संदर्भात मननीय आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो, हा त्यांच्या निवेदनाचा आधारभूत मुद्दा होता. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. दक्षिणेच्या काळी जो प्रश्न उच्चारता येत नव्हता तो आता उघडपणे विचारला गेला होता : हा पैसा मुळात कोणाचा? ‘ग्रँट’ ह्या शब्दात सरकारने उदारपणे दिले अशी ध्वनिछटा आहे. फुल्यांनी तिच्या जागी हक्काची भाषा आणली.

त्याच आयोगाने माध्यमिक व उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे आणि ते क्षेत्र एतद्देशीयांच्या खासगी प्रयत्नांवर सोपवून त्यांना ग्रँट द्यावी, अशी शिफारस केली. ह्या धोरणाला अनुकूल अशी भूमी महाराष्ट्रात तयारच होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी ह्यांनी २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. कॉलेजला मुंबईच्या गव्हर्नरांचे नाव देणे, संस्थानिकांच्या देणग्या मिळविणे, अल्प वेतनावर आजीव सभासदांनी राबणे आणि राष्ट्रीय बाण्याचा अभिमानही बाळगणे, ह्या सर्व गोष्टी एकाच संस्थेत सुखाने नांदल्या असे म्हणता येत नाही. पण खासगी संस्था व सरकार ह्यांनी मिळून शिक्षणाचा भार उचलण्याची जी घडी महाराष्ट्रात पुढे शंभर वर्षे टिकली, तिचा आरंभ येथे आहे.

५

ग्रँटच्या इतिहासाला समांतर असा, सरकारी द्रव्याविना संस्था चालविण्याचा दुसरा इतिहास आहे. त्याची शब्दसंपत्ती घरगुती आहे. पैसाफंड म्हणजे दरमाणशी एक पैसा. अंताजी दामोदर काळे ह्यांच्या ह्या कल्पनेतून जमलेल्या रकमेवर १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. विष्णु गोविंद विजापूरकर ह्यांचे समर्थ विद्यालयही तळेगावलाच होते. राष्ट्रीय शिक्षणाच्या ह्या शाळेवर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. ज्या गावी राजदत्त दक्षिणेची प्रथा सुरू झाली त्याच गावी दीडदोनशे वर्षांनी सरकारनिरपेक्ष संस्थांचे प्रयोग व्हावेत, हा निव्वळ योगायोग. पण अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे.

मुष्टिफंड हा शब्द पाहावा. रोजच्या स्वयंपाकाच्या वेळी घरातील स्त्रीने मूठभर धान्य संस्थेसाठी बाजूला काढून ठेवावयाचे, अशी ही पद्धत. संस्कृत ‘मुष्टि’ व इंग्रजी ‘फंड’ ह्यांचा हा समास एका अर्थी ‘दक्षिणा प्राइझ’चे प्रतिबिंबच होय. मात्र तेथे द्रव्य वरून खाली येते, येथे ते घराघरांतून गोळा होते. पणजी येथे १९०८ मध्ये स्थापन झालेल्या मुष्टिफंड संस्थेने तर हा शब्दच आपल्या नावात घेतला. पोर्तुगीज राजवटीत मराठी शिक्षणाला राज्याचा आधार नव्हता. तेथे मूठभर धान्याच्या कल्पनेवर मराठी शाळा जगली. सरकारी मदत नसल्याने भाषा मरतेच असे नाही, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे. तथापि अशा शाळा किती मुलांपर्यंत पोचू शकतात ह्यालाही स्वाभाविक मर्यादा असते, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

धोंडो केशव कर्वे ह्यांच्या महिला विद्यापीठाचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारे होते आणि त्याच्या पदव्यांना सरकारमान्यता नव्हती. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिल्याने त्याला स्थैर्य आले. कायद्याने मान्यता मिळावयास मात्र १९५१ साल उजाडले. मान्यता व ग्रँट ह्यांच्या मागे कर्वे लागले असते तर अध्यापनाची भाषा इंग्रजी ठेवणे त्यांना भाग पडले असते. मराठीतून उच्च शिक्षणाचा प्रयोग झाला तो सरकारी चौकटीबाहेर राहण्याचे धैर्य एका संस्थेने दाखविले म्हणून. त्याची किंमतही तिच्या पदवीधर विद्यार्थिनींनी मोजली, कारण मान्यता नसलेली पदवी नोकरीच्या बाजारात तोकडी पडे.

ह्या दोन प्रवाहांचा संगम व संघर्ष भाऊराव पाटील ह्यांच्या रयत शिक्षण संस्थेत दिसतो. १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेल्या ह्या संस्थेने सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृहे, मुष्टिफंड व ‘कमवा आणि शिका’ ह्या तत्त्वांवर आपले काम उभे केले. सरकारी ग्रँटही तिने घेतली. खेड्यापाड्यांत शाळांचे जाळे विणावयाचे तर केवळ धान्याच्या मुठी पुरणाऱ्या नव्हत्या. स्वातंत्र्यानंतर राजकीय मतभेदांच्या वातावरणात १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. ज्या जनतेच्या मुलांसाठी संस्था उभी होती ती जनता ह्या काळात तिच्या पाठीशी उभी राहिली. पुढे सरकारनेही अनुदान पुन्हा चालू केले. ह्या प्रसंगातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. परकीय सरकार जाऊन स्वकीय आले म्हणून देणाऱ्याचा लहरीपणा संपतोच असे नाही. आणि ज्या संस्थेची मुळे लोकांच्या घरांत गेलेली असतात तिलाच असा आघात सोसता येतो. जिच्या जमेच्या बाजूला ग्रँट ही एकच रक्कम असते तिला बोलण्यापूर्वी विचार करावा लागतो.

६

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर मराठी राजभाषा झाली आणि प्रशासनाच्या परिभाषेत ‘ग्रँट’च्या जागी ‘अनुदान’ व ‘ग्रँट-इन-एड’च्या जागी ‘सहायक अनुदान’ हे शब्द स्थिर झाले. ‘अनु’ ह्या उपसर्गाचा अर्थ मागून, नंतर, अनुसरून असा आहे. परिभाषाकारांच्या मनात काहीही असो, व्यवहाराने हा व्युत्पत्त्यर्थ पुरेपूर खरा करून दाखविला. आधी संस्थेने काम उभे करावयाचे, खर्च करावयाचा, मान्यता मिळवावयाची. पैसा त्यामागून येतो.

ह्या व्यवस्थेचे सर्वांत व्यापक उदाहरण सार्वजनिक ग्रंथालयांचे आहे. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ ची, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. ह्यांपैकी मराठी ग्रंथसंग्रहालये तर मराठी पुस्तक जपले पाहिजे ह्या एकाच भावनेने काढली गेली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला तो ह्या देशातील अशा प्रकारचा पहिला. मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीचा अहवाल १९४० मध्ये आला होता. १९४७ पासून त्यातील योजना अंशतः अमलात आली. नवी सरकारी ग्रंथालये बांधण्याऐवजी लोकांनी चालविलेल्या विद्यमान ग्रंथालयांनाच जिल्हा वा तालुका ग्रंथालय म्हणून मान्यता व मदत द्यावयाची, हे तिचे सूत्र होते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. तो १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने मालमत्ताकरावर ग्रंथालय-उपकर बसविला होता. महाराष्ट्राने तसा उपकर टाळून ग्रंथालय निधी निर्माण केला आणि त्यात शासनाने दरसाल किमान २५ लक्ष रुपये घालावेत असे ठरविले. दोन मार्गांतील भेद मूलगामी आहे. उपकर भरणारा नागरिक ग्रंथालयाकडे आपली वस्तू म्हणून पाहू शकतो. निधीतून अनुदान घेणारे ग्रंथालय मात्र सचिवालयाकडे पाहते. उलटपक्षी, महाराष्ट्राच्या मार्गाने ग्रंथालयाचे चालकत्व गावातील मंडळाकडेच राहिले, ही गोष्ट लहान नव्हे. १९७० च्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग पाडले. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, उघडे राहण्याचे तास ह्यांवर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. पुढील चाळीस वर्षांत मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या बारा हजारांच्या घरात गेली.

ह्या संख्येचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण तिच्याकडे डोळसपणेही पाहिले पाहिजे. २०१२ मध्ये शासनाने महसूल खात्यामार्फत सर्व ग्रंथालयांची पडताळणी करविली ती उगीच नव्हे. जेथे अनुदान दाखल्यांवर मिळते तेथे दाखल्यांपुरती ग्रंथालयेही निर्माण होतात. परंतु अशा ग्रंथालयांबरोबर, संध्याकाळी दिवा लावून वर्तमानपत्रे मांडणाऱ्या आणि अपुऱ्या मानधनावर वर्षानुवर्षे पुस्तके देणाऱ्या प्रामाणिक ग्रंथपालावरही संशयाची छाया पडते. ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी मिळावी ही मागणी दीर्घकाळ होत आली आहे. शासनाच्या मदतीने चालणारी, पण शासनाची नव्हे, अशी संस्था असली की तिच्यात काम करणाऱ्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणीच निश्चित सांगत नाही.

शिक्षणक्षेत्रात ह्या शब्दाने जो वंशविस्तार केला तो तर भाषेच्या अभ्यासकाने आवर्जून पाहण्याजोगा आहे. १९८३ पासून व्यावसायिक महाविद्यालयांना ‘विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी मिळू लागली. त्यातून अनुदानित, विनाअनुदानित, अंशतः अनुदानित असे भेद रूढ झाले. पुढे ‘कायम विनाअनुदानित’ ही कोटी निर्माण झाली. शिक्षकांच्या चळवळींचा परिणाम होऊन २००९ मध्ये शाळांच्या बाबतीत ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. एका क्रियाविशेषणाच्या लोपासाठी हजारो माणसांनी आंदोलन केल्याचे उदाहरण मराठीच्या इतिहासात दुसरे मिळणे कठीण. शब्द गेला, त्याच्या मागून ‘टप्पा अनुदान’ आले, म्हणजे वीस टक्के, चाळीस टक्के अशा पायऱ्या. ‘आमची शाळा अनुदानावर आली’ असे शिक्षक म्हणतात. ह्या वाक्यातील अधिकरणार्थी रूप पाहावे. अनुदान ही तेथे मिळण्याची वस्तू राहिलेली नाही. ते पोचण्याचे ठिकाण झाले आहे, आणि तेथे पोचेपर्यंतच्या वाटेत माणसाची उमेदीची वर्षे खर्ची पडतात.

७

आता ह्या तिन्ही शब्दांकडे एकत्र पाहता काय दिसते? दक्षिणेत पात्रता जन्माने ठरे आणि हिशेब नसे. ग्रँटमध्ये पात्रता अटींनी ठरली, हिशेब आला, आणि त्याबरोबर इन्स्पेक्टर आला. अनुदानात अटी व हिशेब कायम राहिले, शिवाय लोकशाही राज्यामुळे हक्काची भाषाही आली. हा क्रम प्रगतीचा आहे ह्यात शंका नाही. १८८२ मध्ये फुल्यांनी विचारलेला प्रश्न आज कोणताही शिक्षक आपल्या निवेदनात विचारू शकतो.

परंतु जुने संबंध नव्या शब्दांखाली टिकून आहेत. मंत्र्याच्या हस्ते धनादेश स्वीकारताना संस्थाचालक जे आभार मानतो त्यात रमण्याचा अवशेष आहे. निकालावर ठरणारी ग्रँट गेली, तरी वर्ग व दाखले ह्यांच्या रूपाने तिचा आत्मा वावरतो. आणि ‘तृतीय रत्न’ नाकारणाऱ्या कमिटीचा प्रश्न तर जसाच्या तसा उभा आहे : सेवेला मदत देणारे राज्य टीकेला मदत देईल काय? १९४८ चा अनुभव ह्या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरू नये असे सांगतो.

ह्यावर उपाय म्हणून सरकारी द्रव्य नाकारावे असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मुष्टिफंडाने शाळा जगते, पण प्रत्येक खेड्यात शाळा निघत नाही. ते काम करसंकलन करणाऱ्या राज्याचेच आहे आणि तो पैसा लोकांचाच आहे. तथापि ज्या संस्थांनी दोन्ही हातांनी घेतले, एका हाताने अनुदान व दुसऱ्या हाताने वर्गणी, त्याच संस्था मतभेदाच्या प्रसंगी ताठ उभ्या राहिल्या असे रयत शिक्षण संस्थेच्या उदाहरणावरून दिसते. वर्गणीची रक्कम ताळेबंदात नेहमीच किरकोळ असते. ती देणारा मनुष्य मात्र वार्षिक सभेला येतो, प्रश्न विचारतो आणि प्रसंगी संस्थेसाठी भांडतो. अनुदानाबरोबर असा मनुष्य येत नाही.

आपल्या विद्यापीठांतील इतिहास व भाषा ह्या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना येथे भरपूर काम आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या ग्रंथालयांची इतिवृत्ते, शाळांच्या तपासणीवरील शेरे, वर्गणीदारांच्या याद्या व अनुदानासाठी केलेले अर्ज हे साहित्य कपाटांतून धूळ खात पडले आहे आणि वाळवीने दरवर्षी थोडे थोडे कमी होत आहे. त्या अर्जांची भाषा, त्यांतील ‘कृपावंत होऊन’पासून ‘आमच्या न्याय्य मागण्या’पर्यंतचा प्रवास, ह्यांचा पद्धतशीर अभ्यास झाला तर महाराष्ट्रातील सामान्य माणसाने राज्याशी बोलावयास कसे शिकून घेतले, ह्याचा इतिहास हाती येईल. तो लिहिण्यापूर्वी ती कागदपत्रे वाचविणे मात्र अगत्याचे आहे. आणि त्या कामासाठी अनुदानाची वाट न पाहता आरंभ करता येईल.